निर्दोष गुडघा

९ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार. वाकून केला आहे, इथून दिसला नसेल तरी पदरात घाल.

काल सहा गुणांनी जिंकलो. ते पेपरात येईलच, म्हणून जिंकल्याचं एवढंच पुरे. तुझ्या नियमाप्रमाणे माझ्या तीन चुका लिहिते. चेंडू घेऊन इतकी रमतगमत पुढे आले की आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची ती राहिली आणि चेंडू समोरच्यांना गेला. खांबला पास छातीशी द्यायचा तो पोटाशी दिला. (खांब म्हणजे आमची सहा फूट तीन इंचांची. तिला आता तिची आईसुद्धा नावाने हाक मारत नसेल.) तिसरी, पंचांशी वाद घातला. वाद बरोबर होता, पण तुझ्या हिशेबी तीही चूकच.

तेराव्या वर्षी मला बास्केटबॉल खेळाडूंच्या वसतिगृहात सोडताना तू म्हणालीस, प्रत्येक सामन्यानंतर स्वतःच्या तीन चुका लिहून पाठव, कौतुक करायला बाकीचं जग आहे. अठरा वर्षं पाठवते आहे. पहिल्या ऑलिंपिकमधूनही पाठवल्या होत्या. तिथे पाचपैकी चार सामने हरलो, तेव्हा त्यातल्या तीनच कोणत्या निवडायच्या हाच प्रश्न होता.

यंदाचं ऑलिंपिक माझं दुसरं आणि शेवटचं. बारा जणी जाणार, त्यांत चेंडू पुढे आणणाऱ्या गार्ड तीन. एक नवी गार्ड आली आहे, एकोणीस वर्षांची. चिमणी म्हणतात सगळ्या. सुताराची मुलगी. पायांत स्प्रिंग असल्यासारखी पळते आणि ‘ताई, ताई’ करत माझ्या मागे असते. माझीच जागा घ्यायला आली आहे हे तिला ठाऊक आहे, पण बोलायची लाज वाटत असावी.

फोन करू नकोस. तुझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि मला वाटतं फाउल दिला.

तुझी,
बुटकी


१६ फेब्रुवारी

बुटके,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी वेगळे मागायचे नसतात.

शेजारच्या कंपाउंडरने सामना रेकॉर्ड करून दिला. दोनदा पाहिला. तुझ्या तीन चुका खऱ्या आहेत, पण किरकोळ आहेत. चौथी लिहिली नाहीस ती मी लिहिते. चाळीस मिनिटांत तू एकदाही डावीकडून घुसली नाहीस. समोर रस्ता मोकळा असताना चेंडू उजव्या हातात घेऊन वळसा घालत गेलीस.

तुझी डावी बाजू मी घडवली आहे, बाई. दोन महिने तुझा उजवा हात ओढणीने कमरेला बांधून तुला डाव्या हाताने चेंडू आपटायला लावला होता. तुझी आई माझ्याशी कडाकडा भांडली होती, पोरीला कैद्यासारखं बांधतेस म्हणून. ती बाजू वापरात नाही हे मला कळणार नाही असं वाटलं का तुला?

डावा गुडघा आहे. मला शिकवू नकोस. तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली आणि दोन्ही गुडघे बदलून घेतले. माणूस जिना कसा उतरतो ते बघून मी सांगते त्याचा कुठला गुडघा गेलाय. खुर्चीवर बसायचं, पाय समोर सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, खाली घ्यायचा. दिवसातून तीस वेळा. आणि बर्फ. हसू नकोस, कर.

तुझी,
मावशी


३ मार्च

मावशी,

तुझ्यापुढे हात टेकले. गुडघा कुरकुरतो आहे थोडा. डावाच. कुणाला बोलू नकोस, निवड तोंडावर आली आहे. व्यायाम करते आहे, तीस नाही, चाळीस वेळा.

या आठवड्यात सामना नव्हता, तेव्हा चुकांना सुट्टी. सरावात मात्र मी एक नवीन नियम सुचवला आणि सरांनी तो लगेच उचलला. माझ्या डावीकडून जी धावत येईल तिने ‘डावी!’ असं मोठ्याने ओरडायचं. म्हणजे मला मान न वळवता पास देता येतो. सर म्हणाले, अनुभव म्हणतात तो हाच. हॉलचा नुसता बाजार झाला आहे. खांब असं ओरडते की छपरावरची कबुतरं उडतात. चिमणी मात्र लाजते, तोंडातल्या तोंडात पुटपुटते. मी सरांकडे तक्रार केली. सरांनी तिला दोनदा कोर्टाभोवती वीस वीस फेऱ्या मारायला लावल्या. शिकेल.

तुझी,
बुटकी


२० एप्रिल

मावशी,

सरांना पत्र तू लिहिलंस?

आणि तेही दोन पानी? ‘माझ्या भाचीचा डावा गुडघा निकामी होत चालला आहे, ती हट्टी आहे, सांगणार नाही, तरी आपण वेळीच लक्ष घालावे.’ सरांनी ते सगळ्यांदेखत माझ्या हातात दिलं. इतकी वर्षं खेळते आहे, आणि माझी मावशी शाळेतून चिठ्ठी पाठवावी तसं पत्र पाठवते!

तुझ्या कृपेने त्याच दिवशी गुडघ्याची तपासणी झाली. यंत्रात घातलं, चारी बाजूंनी फोटो काढले. डॉक्टरांनी ते भिंतीवरच्या दिव्यासमोर धरून सगळ्यांना दाखवले आणि म्हणाले, हा अठरा वर्षांच्या मुलीचा गुडघा आहे. सर इतके खूश झाले की बाकीची तपासणी त्यांनी उभ्या उभ्या उरकून घेतली. फायलीवर ‘पूर्णपणे तंदुरुस्त’ असा शिक्का बसला. काल यादी लागली. पहिली गार्ड मी, दुसरी चिमणी.

म्हणजे तू मला खाली ओढायला गेलीस आणि वर चढवलंस. रागावू की आभार मानू ते मला कळत नाही. सध्या रागावते.

बुटकी


२८ एप्रिल

बुटके,

रागाव, खुशाल रागाव. तुझा पाय कायमचा जायला नको म्हणून लिहिलं आणि त्याची मला लाज नाही. लाज वेगळ्याच गोष्टीची वाटते आहे. मी ठासून सांगितलं गुडघा, आणि गुडघा ठणठणीत निघाला. पण तू तर लिहिलं होतंस कुरकुरतो म्हणून. न बिघडलेला गुडघा कुरकुरतो कसा?

परवाचा सामनाही पाहिला. अजून तू डावीकडे जात नाहीस. आणि तुझी सामन्यांनंतरची चार पत्रं समोर ठेवून बसले आहे. सगळ्यांत त्याच त्या चुका, फक्त क्रम बदललेला. सामना न खेळतासुद्धा लिहिता येतील अशा.

मग काय आहे ते सांग. मी घरी बसलेली बाई आहे, मला दुसरं काम नाही, मी विचारत राहणार.

मावशी


१९ जून

बुटके,

सात आठवडे झाले, एक ओळ नाही. मी तीन पत्रं टाकली, ती मिळाली असतील. राग इतका लांबवायचा नसतो.

आज पेपरात वाचलं की सरावात टक्कर होऊन तुमच्या त्या चिमणीचं गळ्याचं हाड मोडलं आणि ती ऑलिंपिकला मुकली. खाली तुमच्या सरांचं म्हणणं छापलं आहे: ‘खेळाडूने ठरल्याप्रमाणे आवाज दिला नाही.’ वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. एवढं साधं सांगितलेलं पोरींना पाळता येत नाही. तोंड उघडायला काय होतं? तुला लागलं नाही ना, तेवढं कळव. तुझ्या जागी दुसरी कोण येते हे आता कुणी विचारणार नाही, तेव्हा निवांत झोप.

मावशी


२२ जून

मावशी,

मला लागलं नाही.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ वाचली आणि ठरवलं, आता लिहायचं. तू हे बसून वाच.

गुडघा नव्हता. डोळा आहे, डावा. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये एका सामन्यात कोपर लागलं होतं. तेव्हा तुला लिहिलं होतं की नुसती सूज आहे. आत पडदा फाटला होता. मे महिन्यात मैत्रिणीकडे राहायला जाते असं सांगून गेले, ते मैत्रिणीकडे नव्हे, दुसऱ्या गावी जाऊन ऑपरेशन करून घेतलं. पडदा बसला, पण डावीकडची कडा गेली ती गेलीच. समोरचं मला लखलखीत दिसतं, म्हणून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचते आणि कुणाला शंका येत नाही. डाव्या खांद्याच्या पलीकडे मात्र काही नाही. अंधारही नाही. नुसतं काही नाही. डॉक्टर म्हणाले, खेळणं बंद. पुन्हा मार बसला तर उरलेलं जाईल. मी फी दिली, हो म्हटलं आणि पुढच्या सोमवारी सरावाला गेले.

ते ‘डावी!’ ओरडणं मी माझ्यासाठी काढलं होतं.

चिमणी माझ्यापासून दोन पावलांवर होती, डावीकडे. कुठल्याही शाळकरी गार्डला दिसली असती. ती ओरडली नाही, कारण इतक्या जवळून, इतक्या उघड्यावर असताना कोण ओरडेल? तिला वाटलं, ताईंनी पाहिलंय. मी पूर्ण वेगाने तिच्यावर गेले. आवाज मी ऐकला, हाडाचा.

दवाखान्यात भेटायला गेले तर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘ताई, माफ करा, चूक माझी. तुम्हाला काही झालं असतं तर?’ मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाले, होतं असं कधी कधी. असं म्हणाले मी, मावशी.

कुणाला लिहू नकोस. या वेळी खरंच लिहू नकोस.

बुटकी


२६ जून

बुटके,

बसून वाचलं. मग उभी राहून वाचलं. मग कंपाउंडर आला त्याला दारातूनच परत पाठवलं.

आधी माझं. मी सगळ्यांच्या चालण्यात माझे गुडघे बघत फिरते आणि त्याला नजर म्हणते. तू मान किती वळवतेस ते दोन सामन्यांत चारदा दिसलं होतं मला. मला वाटलं, वयाने शहाणी झाली, इकडेतिकडे बघायला लागली. माझ्या त्या पत्राने तुझी फाईल धुतली गेली नसती, तर कदाचित कुणीतरी डोळा नीट तपासला असता आणि ती पोर आज धडधाकट असती. हे मी विसरणार नाही आणि तूही मला विसरू देऊ नकोस.

आता तुझं. मी कुणाला लिहिणार नाही. एकदा लिहून बघितलं, काय उजेड पडला तो दिसतोच आहे. सांगायचं तुलाच आहे. मला तुझा राग आला आहे, खूप आला आहे, आणि तुझ्या डोळ्याची काळजी त्याहून जास्त आहे. दोन्ही एकदम कसं लिहायचं ते मला येत नाही. पण एकोणीस वर्षांच्या मुलीने तुझी माफी मागायची आणि तू ती घ्यायची, हे मला पचत नाही. ऑलिंपिक एकदा झालं आहे तुझं. तिचं एकही नाही.

सरांकडे जा. उद्याच जा.

मावशी


१ जुलै

मावशी,

गेले. सरांच्या खोलीचं दार लावून सगळं सांगितलं. ते टेबलावरच्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. ‘हे अजून कुणाला माहीत आहे?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, मावशीला.

मग त्यांनी कपाटातून माझी फाईल काढली आणि तुझं दोन पानी पत्र टेबलावर ठेवलं. म्हणाले, डोळ्याचं बाहेर आलं तर तुझी अठरा वर्षं मातीत, माझी नोकरी मातीत, आणि तपासणी करणारे डॉक्टरही अडकतील. त्यापेक्षा गुडघा म्हणू. घरच्यांनी एप्रिलमध्येच कळवलं होतं, हा पुरावा. दुखणं आता बळावलं, म्हणून निवृत्ती. सोळा तारखेला निरोप समारंभ, पहिल्या ऑलिंपिक संघातल्या सगळ्या जणी येतील, माझ्या क्रमांकाचं बनियन चौकटीत लावून हॉलमध्ये टांगतील. यादीत माझ्या जागी नवी मुलगी.

मी म्हटलं, आणि चिमणी? ते म्हणाले, तिचं वय लहान आहे, चार वर्षांनी खेळेल. आवाज दिला नाही हे तर खरंच आहे ना?

खरं सांगू का, मला बरं वाटलं. खोलीतून बाहेर पडताना हलकं वाटलं. खेळ थांबला, डोळा वाचला, नाव राहिलं. पायऱ्या उतरेपर्यंत ते टिकलं. सरांना मी रविवारपर्यंत उत्तर देते म्हटलं आहे. फक्त तुझ्या पत्राची मूळ प्रत वापरायला तुझी हरकत नाही ना, असं त्यांनी विचारायला सांगितलं आहे.

बुटकी


४ जुलै

बुटके,

हरकत आहे.

ते पत्र माझं आहे. त्यात लिहिलेलं मला तेव्हा खरं वाटत होतं. आता ते खोटं आहे हे मला, तुला आणि तुमच्या सरांना माहीत आहे. माझ्या सहीचा कागद त्या कामाला द्यायचा नाही. सरांना सांग, म्हातारी ऐकत नाही. वाटल्यास कानाने अधू आहे असंही सांग.

बनियन टांगायचंच असेल तर इथे माझ्या दोरीवर जागा आहे.

मावशी


११ जुलै

मावशी,

सोमवारी सरावाआधी मी सगळ्यांना पाच मिनिटं थांबवलं. सरांना आधी सांगितलं नव्हतं. चिमणीला मात्र आदल्या दिवशी निरोप दिला होता, ती हात गळ्यात अडकवून भिंतीकडेच्या बाकावर बसली होती. मी डोळ्याचं सांगितलं. एप्रिल, ऑपरेशन, तक्ता, ‘डावी!’चा नियम, सगळं. मग म्हटलं, त्या दिवशी चिमणीने ओरडायची काही गरज नव्हती. ती दोन पावलांवर, उघड्यावर होती. मला दिसली नाही, कारण मला दिसत नाही, आणि हे मी चौदा महिने लपवलं.

खांब बूट सोडून बसली. सर हॉलच्या बाहेर गेले. बास्केटबॉल बोर्डाची चौकशी लागली आहे, समारंभ अर्थातच रद्द, आणि पहिल्या ऑलिंपिकच्या फोटोखाली माझं नाव ठेवायचं की नाही यावरही म्हणे बैठक आहे. ठेवतील नाहीतर काढतील. काढलं तर मला वाईट वाटेल, वाटणार नाही असं सांगत नाही.

चिमणीने मला बाहेर पायऱ्यांवर गाठलं. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, ‘तुम्ही मला फेऱ्या मारायला लावल्यात.’ ताई म्हणाली नाही. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, ‘हे माझ्या बाबांना येऊन सांगा. ते माझ्याशी बोलत नाहीत.’ किती दिवस, मी विचारलं. ‘पेपरात आलं तेव्हापासून.’

काल गेले. दीड तास बस, मग चालत. पुढे कारखाना आणि मागे दोन खोल्यांचं घर. बाबा दाराच्या चौकटीला रंधा मारत होते. मी कोण ते त्यांनी ओळखलं, आधी हसलेही. भुसा झटकून स्टूल पुढे करायला गेले. मग मी बोलायला लागले आणि स्टूल त्यांच्या हातातच राहिलं.

पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘चार वर्षं रोज सकाळी इथल्या मैदानावर सायकलवर सोडून येत होतो. मी तिला म्हटलं, तुला नुसतं तोंड उघडायचं होतं, तेवढंही जमलं नाही.’ स्टूल जागेवर ठेवलं. मी म्हटलं, चूक माझी होती, तिची नव्हती. ते म्हणाले, ‘ऐकलं मी.’

हात धुतले, पुसले आणि आतल्या दाराशी गेले. ती दाराच्या मागेच उभी होती, सगळं ऐकत. त्यांनी विचारलं, ‘जेवलीस का?’

ती नाही म्हणाली, आणि मग जी रडायला लागली ती थांबेना. त्यांनी तिच्या बऱ्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं आत गेले. भांड्यांचा आवाज आला. मला कुणी बस म्हटलं नाही. मी थोडा वेळ चौकटीपाशी उभी राहिले आणि स्टँडवर आले.

बुटकी